दीड लाखात स्वयंपाकघर : जुळे सोलापूरच्या एका घरातल्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

तळमजला, आरसीसी घर, साधारण तीस वर्षांचं. स्वयंपाकघर आतून १० फूट ६ इंच बाय ८ फूट, उंची १० फूट. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला ८ फुटी कडप्प्याचा ओटा, उंची ३३ इंच. त्याच भिंतीत डावीकडे खिडकी, तिच्याखाली मोझॅकचं सिंक. समोरच्या आतल्या भिंतीवर ७ फुटांवर माळा. खाली शहाबादी.

लांबी तीन पातळ्यांवर मोजली. फरशीजवळ १० फूट सव्वासहा इंच, ओट्याच्या उंचीला १० फूट ६, डोक्याजवळ १० फूट साडेपाच. गुनिया (काटकोन तपासायची पट्टी) लावला तर उजवा कोपरा दोन फुटांत अर्धा इंच बाहेर निघाला. हे आजच लिहून ठेवायचं, कारण दगडवाला काटकोनात कापून आणतो आणि भिंत काटकोनात नसते. मग फट सिमेंटने भरली जाते, आणि पुढे झुरळं तिथूनच येतात.

बजेट १,५०,००० रुपये. त्यातले १५,००० पहिल्याच दिवशी बाजूला. भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. कामाला राहिले १,३५,०००. मुदत गुढीपाडवा, ३० मार्च. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकलीय, माणसं मिळताहेत. एप्रिल लागला की दुपारचं काम निम्म्यावर येतं आणि सिमेंटही भरभर सुकून दगा देतं.

पैसे कुठे घालायचे याचा क्रम ठरवला : जे नंतर बदलायला भिंत किंवा ओटा फोडावा लागेल ते आधी. म्हणजे नळ, सांडपाणी, वायर, दगड. शटर-हँडल शेवटी. शटर दहा वर्षांनी एका रविवारी बदलता येतं.

६ फेब्रुवारी

मांडणी. इंग्रजी एल अक्षरासारखा ओटा, समोरासमोर दोन ओटे, की एकच सरळ ओटा, हा प्रश्न होता.

एलमध्ये कोपऱ्यातली २ बाय २ फूट जागा हाताला येत नाही. ती कामाची करायला फिरती ट्रॉली लागते. तिच्या किमतीत एक अख्खी साधी ट्रॉली येते आणि उरलेल्या पैशांत नळ. बाद. समोरासमोर दोन २ फुटी ओटे घेतले तर मध्ये ४ फूट राहतात. चालायला पुरेत, पण दुसऱ्या ओट्यावर काय करायचं हेच घरात कोणाला सांगता येईना.

ठरलं ते असं : पश्चिमेला सरळ साडेदहा फुटी ओटा, खोली २४ इंच. समोर माळ्याखाली ४ फूट लांब, १८ इंच खोल कट्टा, पाण्याचं पिंप, हंडा आणि मिक्सर यांच्यासाठी. मध्ये ९६ वजा २४ वजा १८, म्हणजे ५४ इंच मोकळे. एकीने ओट्याशी उभं राहून दुसरी खाली पाटावर भाजी निवडत बसली तरी पाय अडत नाही.

पिंपासाठी वेगळा कट्टा म्हणजे चैन नव्हे. पालिकेचं पाणी इथे काही दिवसांच्या अंतराने येतं. पिंपाला जागा दिली नाही तर ते सिंकशेजारी ओट्यावरच जाऊन बसतं आणि साडेदहा फुटांतले दोन फूट पहिल्याच आठवड्यात जातात. आखलेल्या नव्या ओट्यावर निळं पिंप बसलेलं सोलापुरात किती घरांत दिसतं ते मोजायची गरज नाही.

१० फेब्रुवारी

ओट्याची उंची. सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि जायलाच हवा होता.

कॅटलॉगात ३४ इंच लिहिलेलं असतं. चिरायला, मळायला, धुवायला एकच उंची चालते असं ते धरून चालतं. इथे रोज ज्वारीच्या भाकऱ्या होतात, आणि थापताना जोर मनगटाचा नसतो, खांद्यावरून येणाऱ्या वजनाचा असतो. ओटा उंच असेल तर खांदे वर जातात आणि सहाव्या-सातव्या भाकरीला मान भरून येते.

स्वयंपाक करणाऱ्या ताईंची उंची ५ फूट २ इंच. कोपर वाकवून जमिनीपासून मोजलं तर ३९ इंच. चिरायचं काम कोपरापेक्षा ४-५ इंच खाली सोयीचं, म्हणजे ३४-३५. जोर द्यायचं काम ८ इंच खाली, म्हणजे ३१. शेगडीचंही गणित खालीच जातं. टेबल शेगडी जाळीसकट साडेचार इंच. ३४ वर ठेवली तर कढईचा काठ ४३ च्या आसपास जातो, म्हणजे कोपराच्या वर. तेल उडालं तर थेट हातावर. ३१ वर ठेवली तर काठ ४० ला राहतो.

सिंकचं उलट आहे. भांडं घासताना हात सिंकच्या तळाशी असतात. ९ इंच खोल सिंक ३१ वर लावलं तर तळ २२ इंचांवर, कंबर वाकलीच.

म्हणून दोन पातळ्या. सिंककडचा भाग ३४, शेगडी-भाकरीचा भाग ३१, मध्ये ३ इंचांची पायरी. तोटा एवढाच की पायरीच्या कडेला एक जास्तीचा दगड आणि गोलाईचे दोन फूट वाढतात. फायदा असा की ग्रॅनाइटची लादी बहुतेक नऊ फुटांच्या आसपास मिळते, साडेदहा फुटी ओट्याला जोड येणारच. तो पायरीत लपतो.

गवंडी म्हणाले, “ताई, एकदाच बांधायचंय. दोन दिवस विटांवर भाकऱ्या करून बघा.” विटा रचून वर प्लायचा तुकडा, आधी ३३, मग ३१, मग ३०. काठवटीचा तळच इंच-दीड इंच जाड असतो, तो धरून. तीस इंचांवर पाठ वाकली, ३३ वर खांदे चढले. ३१ कायम. दोन दिवसांच्या या खटाटोपाला खर्च शून्य.

१४ फेब्रुवारी

दगड. जुना कडप्पा घासून-पॉलिश करून ठेवायचा की ग्रॅनाइट?

कडप्पा आणि शहाबादी दोन्ही मुळात चुनखडीचे. लिंबू, चिंच, ताक, आमसुलाचं पाणी सांडलं की पॉलिश खातं, पांढुरका डाग उरतो. पुन्हा घासला की चार महिने छान, मग तेच. ग्रॅनाइटला आंबटाचं वावडं नाही. ओट्याच्या वरच्या पृष्ठभागाला ग्रॅनाइट, खालच्या उभ्या आडव्या आधारांना कडप्पा असं ठरलं. कडप्प्याला वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही. ओट्याखाली त्याच्यासारखं स्वस्त आणि टिकाऊ काही नाही.

काळं ग्रॅनाइट निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. एक, पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन कोपऱ्यात जोरात पुसणं. काळं उतरलं तर दगड रंगवलेला. पाहिलेल्या चार लाद्यांपैकी एकीचं फडकं काळं झालं, आणि ती सगळ्यात स्वस्त होती. दोन, जाडी. १८ मिमी म्हणून सांगितलेली लादी १५-१६ भरते. कॅलिपर कडेला तीन ठिकाणी लावायचा. तीन, लादी उभी करून पाणी शिंपडायचं आणि सुकताना बघायचं. तडा असेल तर तिथली रेघ शेवटी सुकते.

भाव १७० रुपये चौरस फूट. मुख्य ओटा २५ इंच खोलीने (एक इंच पुढे) २२ चौरस फूट, कट्टा ६, मागच्या पट्ट्या ५. एकूण ३३.

१८ फेब्रुवारी

ओट्याखालचं. तीन पर्याय, तिन्हींचे आकडे समोर.

पहिला : प्लायचे डबे करून पूर्ण मॉड्युलर, माळ्याच्या शटरसकट ९२,००० चं कोटेशन. बजेटचा साठ टक्के भाग एकाच ओळीत. शिवाय डब्याच्या तळाचा प्लाय तळमजल्यावर फरशी धुण्याच्या पाण्यात उभा राहणार. ७१० मार्कचा मरीन प्लाय सांगितला होता. पण कापलेल्या कडांना पट्टी नीट बसली नाही तर मरीनही कडेनेच पाणी पितो. बाद.

दुसरा : कडप्प्याचे उभे आधार आणि नुसती शटर, आत आडवी फळी. सर्वांत स्वस्त. पण २४ इंच खोल खणात मागचा डबा काढायला खाली बसून हात घालावा लागतो. घरात गुडघेदुखी आहे.

तिसरा : कडप्प्याच्या खणांत स्टीलच्या ट्रॉल्या, जिथे ट्रॉली नाही तिथे शटर. हा घेतला.

खणांचं माप, डावीकडून. एकूण १२६ इंच, सहा उभे कडप्पे प्रत्येकी १ इंच, उरले १२०. सिंकखाली ३०. मग ताट-वाट्यांची ट्रॉली २४. इथे पायरी. मग तेल-मसाल्याची अरुंद ट्रॉली १५, शेगडीखाली पातेली-कढयांची ३०, शेवटी सिलिंडर २१. वरचा भाग ५७ इंच, खालचा ६९. भाकरीची जागा शेगडीच्या उजवीकडे, सिलिंडरच्या खणावर. काठवट तिथे बसते, तवा डाव्या हाताला.

सिलिंडरच्या खणाला तळाचा कोबा नाही, तो थेट फरशीवर. १४.२ किलोचा सिलिंडर साधारण २५ इंच उंच, वर रेग्युलेटर फिरवायला हात जायला हवा. ३१ इंचांतून दगडांची जाडी गेली की २९ उरतात. खाली ४ इंचांचा कोबा घातला असता तर सिलिंडर आत गेलाच नसता. ही चूक दोन पातळ्यांच्या ओट्यात हमखास होते. भरलेला दुसरा सिलिंडर मागच्या पडवीत, उभा.

गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो. म्हणून या खणाच्या दाराला तळाशी ३ इंच मोकळी फट आणि वर जाळी. नुसती वरची जाळी शोभेची.

स्टीलची पारख : चुंबक लावून चांगल्या दर्जाचं ३०४ स्टील कळत नाही, हलक्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही. तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकून बघणं हा खरा उपाय. दुकानदाराने टाळाटाळ केली की दुसरं दुकान.

२० फेब्रुवारी

चिमणी की एक्झॉस्ट. खोली ८ बाय साडेदहा बाय १०, म्हणजे ८४० घनफूट, सुमारे २४ घनमीटर. स्वयंपाकघरातली हवा तासाला वीस वेळा बदलली तर फोडणीचा ठसका राहत नाही. त्यासाठी तासाला ४८० घनमीटर पुरतात. हे काम चांगला एक्झॉस्ट २,३०० रुपयांत करतो. चिमणी त्याच्या पाच-सहा पट, आणि भाकरी आचेवर शेकताना उडणारं पीठ जाळीतल्या तेलात बसून लगदा होतो. महिन्याला जाळ्या धुणार असाल तर चिमणी घ्या.

एक्झॉस्टची जागा मात्र खिडकीपासून लांब हवी. खिडकी शेजारीच उघडी असेल तर पंखा तिथूनच हवा ओढतो आणि शेगडीवरचा धूर जागचा हलत नाही. इथे खिडकी डावीकडे, पंखा शेगडीच्या वर ७ फुटांवर, मध्ये साडेचार फूट. तेवढ्याने भागत नाही. पंखा चालू असताना खिडकी बंद, दार उघडं. तशी चिठ्ठी बटणाखाली लावायची.

२४ फेब्रुवारी

तोडफोड. दोन बिगारी, दोन दिवस, ट्रॉलीभर राडारोडा, ६,००० रुपये.

जुना कडप्पा भिंतीत दोन इंच रुतवलेला होता. पहार घालून उचकटायला गेल्यावर भिंतीचा गिलावा वर तीन फुटांपर्यंत सुटला आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तडा गेला. ग्राइंडरने भिंतीपासून इंचभर अलीकडे कापून दगड आधी मोकळा करायला हवा होता, रुतलेला तुकडा मागाहून छन्नीने. नंतरचे दोन आधार तसे काढले, काही झालं नाही.

ओट्याची ८ फुटी लादी शाबूत निघाली. तिचे ३० इंचांचे तीन तुकडे झाले, जुन्या उभ्या आधारांतले चार वापरण्यासारखे. सात तुकडे हाती आले. सहा उभ्यांची गरज त्यात भागली. विकत फक्त आडवे घ्यायचे.

२५ फेब्रुवारी

गिलावा सुटला तेच बरं झालं. आत सिंकमागे दीड-दोन फुटांपर्यंत विटा ओल्या. कारण जुनी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाची लाइन. बोअरच्या जड पाण्याने आतून क्षार धरून भोक पेन्सिलीएवढं राहिलेलं आणि पाइपाच्या वळणावरच्या आट्याला बारीक पाझर. वर्षानुवर्षं रंग फुगत होता आणि दर दिवाळीला त्यावर नवा रंग बसत होता.

सगळा ओला गिलावा विटेपर्यंत खरवडला. विटांवरचा पांढरा क्षार तारेच्या ब्रशने झाडला, पाण्याने नाही. पाण्याने तो परत आत जातो. चार दिवस पंखा लावून भिंत उघडी. मग १:४ गिलावा, त्यात वॉटरप्रूफ द्रव पाकिटावरच्या प्रमाणात. जास्त घातलं की गिलावा मऊ राहतो. राखीव रकमेतून ५,६००.

१ मार्च

नळ. बजेटमधली ही ओळ कापायला कोणी सुचवलं तर ऐकू नये.

दोन वेगळ्या लाइनी, दोन वेगळे नळ. मीटर लावून पाहिलं : पालिकेच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ३६०, बोअरचा १,३८०. पिण्याच्या पाण्यासाठी मानकात इष्ट मर्यादा ५०० आहे. म्हणजे नळाच्या पाण्याला टीडीएससाठी आरओ लागत नाही, गाळणी आणि यूव्ही पुरे. आरओ प्रत्येक लिटरमागे पाणी फेकतो, आणि जे पाणी दिवसांच्या अंतराने येतं ते फेकायचं कशाला. बोअरचं पाणी भांडी आणि फरशीला.

साठ्याचा हिशेब : पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी ६ लिटर, पाच माणसं, पाच दिवस, १५० लिटर. म्हणून स्लॅबवर २०० लिटरची वेगळी टाकी, फक्त पालिकेच्या पाण्याची. हौदातून मोटर आधी ही टाकी भरते, फ्लोट बंद झाला की व्हॉल्व्ह फिरवून मोठी टाकी. माळ्यावर ठेवायचा विचार झाला होता. २०० लिटर म्हणजे २०० किलो, आणि माळा भिंतीतून बाहेर काढलेला, तीन इंच जाडीचा. नाही.

पाइप पाऊण इंची सीपीव्हीसी, नळाशी अर्धा इंची. भिंत बुजवण्याआधी ६ किलो दाबाने दोन तास चाचणी; एक टी-जोड गळला, सोल्युशन लावून लगेच पाणी सोडल्यामुळे. कापून नवा घातला, रात्रभर तसाच ठेवला.

बोअरच्या लाइनला पाव फेऱ्यातला सिरॅमिक नळ घेतला नाही. बारीक रेतीने त्याची चकती चिरते आणि अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. जुन्या पद्धतीचा वॉशरचा पितळी नळ. वॉशर दहा रुपयांत आणि घरच्या घरी. तोंडाला फेसाची जाळीही नको, क्षाराने महिन्यात बुजते. पालिकेच्या लाइनला मात्र हंसमान नळ, हंडा खाली बसेल इतका उंच.

सांडपाणी अडीच इंची पीव्हीसी, बाहेरच्या चेंबरपर्यंत ९ फूट. फुटाला पाव इंच उतार, एकूण सव्वादोन इंच. वळणावर झाकण असलेला कोपर, काडी घालायला. जुन्या सिंकला ट्रॅपच (पाणी धरून वास अडवणारा वाक) नव्हता, चेंबरचा वास सरळ घरात येत होता.

४ मार्च

वायर. जुनं सगळं एका सर्किटवर, अर्थिंग नावाला. ६/१६ अँपिअरच्या सॉकेटना २.५ चौ. मिमी तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), दिवे-पंख्याला १.५. सर्वांच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). सॉकेट ओट्यापासून ९ इंच वर, सिंकच्या नळापासून किमान २ फूट लांब, शेगडीच्या मागे एकही नाही.

आरसीसीबी बसवला म्हणून अर्थिंगला सुट्टी नाही. मोजलं तर ४० ओहमच्या वर. आठ फुटी जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. ५ च्या आत आलं. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की आकडा परत चढतो, म्हणून पाइपाला वर फनेल, आठवड्याला एक बादली. हौदाशेजारी काढलाय, विसरणार नाही. राखीवमधून ३,२००.

७ मार्च

कडप्पे उभे केले. ओळंबा प्रत्येक आधाराला पुढे आणि मागे दोन्हीकडे. ट्रॉलीचं सगळं भवितव्य या दिवशी ठरतं. तिसरा खण पुढे १५ इंच आणि मागे १५ ला ५ मिमी कमी भरला. तेव्हाच सांगितलं तर थापीने सरकतो, उद्या सांगितलं तर घण लागतो. सरकवला.

काळी माती आहे, फुगते-आकसते, म्हणून ओट्याखाली नुसत्या शहाबादीवर आधार उभे केले नाहीत. आधाराच्या रेषेत फरशी काढून ४ इंचांचा कोबा, त्यावर कडप्पा. दिवसातून तीनदा पाणी. सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर काम.

१२ मार्च

ग्रॅनाइट बसलं. सिंकचं भोक कापताना चारी आतल्या कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोक, मग त्या भोकांमध्ये सरळ काप. कोपरा काटकोनात कापला की तडा तिथूनच पळतो, कधी टेम्पोत, कधी वर्षाने. ओट्याच्या पुढच्या कडेखाली ६ मिमीची खाच मारून घेतली. ओट्यावरून ओघळलेलं पाणी या खाचेशी तुटून खाली टपकतं, शटरवर जात नाही. दगडवाला विसरतो, बसवण्याआधी आठवण द्यायची.

सिंक २४ बाय १८ बाय ९, ओट्याखालून बसवलं. नुसत्या सिलिकॉनवर सोडलं नाही. खालून कडप्प्याच्या दोन पट्ट्यांचा आधार. भरलेलं सिंक आणि त्यात कुकर, वजन बरंच होतं. गॅसच्या नळीच्या भोकात पीव्हीसीचं कडं, दगडाची धार रबराला लागू नये म्हणून. नळी तारेच्या जाळीची, आयएसआय, दीड मीटर; लावल्याची तारीख सिलिंडरच्या खणात आतून लिहिली. पाच वर्षांनी बदल.

दोन दिवस ओट्यावर कोणी हात टेकू नये. उद्या होळी, परवा धुळवड, माणसं तशीही येणार नाहीत.

१७ मार्च

भिंतीच्या टाइल्स. १२ बाय १८, फिक्या राखाडी, मॅट नाहीत. मॅटवर तेलाची बोटं राहतात. ५० चौरस फूट जागा, ५५ घेतल्या. उरलेल्या माळ्यावर ठेवायच्या, पुढच्या वर्षी त्याच रंगाच्या मिळत नाहीत.

जुन्या ऑइल पेंटवर टाचे मारून घेतल्याशिवाय टाइल लावू दिली नाही. सिरॅमिक टाइल तासभर पाण्यात. कोरडी लावली की मालातलं पाणी ओढून घेते आणि महिन्याने वाजायला लागते. दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून प्रत्येक टाइल ऐकली. तीन पोकळ निघाल्या, काढून परत लावल्या. सांधे भरायला शेगडीमागे आणि सिंकमागे इपॉक्सी ग्राउट, बाकी साधं. इपॉक्सी अर्ध्या तासात पुसून घ्यावं लागतं, या उकाड्यात वीस मिनिटांत.

२० मार्च

शहाबादीला मशीन पॉलिश. नवी व्हिट्रिफाइड फरशी वर चढवली असती तर सव्वा इंच उंची वाढली असती, दार खालून कापावं लागलं असतं आणि उंबऱ्याची ठेच. त्यापेक्षा ही घासलेली बरी, ४,०००, आणि उन्हाळ्यात पायाला थंड. हे काम ट्रॉल्यांच्या आधीच. घासण्याचा रबडा ट्रॉली ज्यावर सरकते त्या चॅनेलच्या बेअरिंगमध्ये गेला की संपलं. फरशीला ॲसिड कधीच नाही.

२२ मार्च

ट्रॉल्या. टेलिस्कोपिक चॅनेल २० इंच, ४५ किलोचे. चॅनेलची जाडी दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच, म्हणून ट्रॉलीची रुंदी खणापेक्षा २६ मिमी कमी. २४ इंची खण ६१० मिमी, ट्रॉली ५८४. एवढं माप दिलेलं असूनही एक ट्रॉली ५९० ची आली. “थोडं घासून बसेल” असं उत्तर मिळालं. परत पाठवली, घासून बसलेली ट्रॉली सहा महिन्यांत चॅनेल वाकवते.

कडप्प्यात ड्रिल करताना हॅमर बंद ठेवायचा. चालू ठेवला तर पलीकडून बशीएवढी कपची उडते. भोकात प्लगवर विसंबलो नाही, आरपार बोल्ट आणि मागे वॉशर.

२६ मार्च

शटर. सिंकखाली पीव्हीसी बोर्ड, कारण तिथे पाणी येणारच. पण त्यात स्क्रू धरत नाही, बिजागरीला लांब स्क्रू आणि तीन बिजागऱ्या. शेगडीखालच्या ट्रॉलीचं तोंड मरीन प्लाय आणि सनमायका, पीव्हीसी आचेने वाकतो. सिलिंडरला ॲल्युमिनियमची जाळीदार चौकट. माळ्याच्या शटरना १४,००० लागत होते, ते रद्द. पडदा लावायचा, कापडाच्या गावात तेवढं तरी स्वस्त असावं.

२९ मार्च

हिशेब, रुपयांत. तोडफोड ६,०००. नळ-सांडपाणी, टाकीसकट १९,५००. वायर आणि अर्थिंग १४,२००. गवंडी, सिमेंट-वाळू, गिलावा, टाइलची मजुरी २७,०००. जादा कडप्पा ३,४००. ग्रॅनाइट गोलाई आणि बसवण्यासकट ११,३००. टाइल्स आणि ग्राउट ४,९००. सिंक आणि नळ ८,२००. ट्रॉल्या २४,५००. शटर १३,०००. एक्झॉस्ट २,३००. पॉलिश ४,०००. रंग ५,५००. एकूण १,४३,८००. ठरलेल्या १,३५,००० वर ८,८०० गेले. ओली भिंत आणि अर्थिंग मिळून तेवढेच. ६,२०० शिल्लक.

१२ एप्रिल

पंधरा दिवसांनी फेरी. पायरीच्या जोडातलं सिलिकॉन एका टोकाला सुटलं होतं; दगड ओला असताना भरलं होतं. काढून, ड्रायरने सुकवून परत भरलं. पंधरा इंची ट्रॉलीत तेलाचा पाच लिटरचा डबा उभा राहत नाही, वरची जाळी दीड इंच वर घेतली.

२०० लिटरच्या टाकीचं पाणी दुपारी तीनला ४१ अंश. पांढरी टाकी घेतली तरी उघड्या स्लॅबवर हेच होणार. जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला सावलीत सरकवायची, पाइप चार फूट वाढेल, शिल्लक रकमेतून. माळ्याचा पडदा अजून लागलेला नाही. सिंकमागची ओल परत येते का, ते दोन-तीन मोठे पाऊस झाल्यावर हात लावून बघायचं. तोपर्यंत त्या पट्ट्याला नुसता चुना, ऑइल पेंट नाही.